पुरात संडास उलटतो तेव्हा : चार-आठ दिवसांच्या अडचणीचे निवारण

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा धान्य, औषधे, कागदपत्रे आणि जनावरे कशी हलवावीत याबद्दल पुष्कळ बोलले गेले. परंतु पाण्याने वेढलेल्या घरात वरच्या मजल्यावर अडकून राहिलेल्या माणसांनी संडासला कोठे जावे, हा प्रश्न संकोचामुळे मागेच राहिला. त्याची किंमत आजी-आजोबा, बाळंतिणी आणि मुली मोजतात, म्हणून हे लिहीत आहे.

आमची इमारत शाहूपुरीच्या सखल भागात, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तळमजला आणि वर तीन मजले, मिळून आठ बिऱ्हाडे. २०१९ मध्ये पुराचे पाणी आमच्या पायरीला लागण्याच्या आदल्या दिवशीच तळमजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीतून काळे पाणी वर आले. अंगण कोरडे असल्यामुळे आम्हा सर्वांना वाटले की ड्रेनेज तुंबले आहे, म्हणून आम्ही चेंबर उघडून बांबू घातला आणि वरचे मजले नेहमीप्रमाणे पाणी सोडत राहिले. संध्याकाळपर्यंत काकूंचा संडास भरून उंबऱ्यापर्यंत आला. त्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या, पण दुसऱ्याच्या घरी पुन्हा पुन्हा जाणे नको म्हणून त्यांनी पाणी पिणेच जवळजवळ सोडले, आणि चौथ्या दिवशी ताप भरल्यावर त्यांना बोटीतून बाहेर काढावे लागले. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. त्या पुरात आमच्या घरात सर्वाधिक इजा पुराच्या पाण्याने केली नाही, न प्यायलेल्या पाण्याने केली. २०२१ मध्ये आम्ही वेगळे वागलो, आणि खाली जे सांगितले आहे ते त्या दोन्ही अनुभवांतून तयार झालेले आहे.

हे नेमके का होते

घरातील मैलापाणी उतारानेच वाहते. त्याला ढकलणारे काही नसते. शहराची मलवाहिनी ज्या नाल्याच्या किंवा नदीच्या दिशेने उतरते, तेथील पातळी आपल्या चेंबरच्या तळापेक्षा वर गेली की उतार नाहीसा होतो आणि वाहिनीतील पाणी मागे सरकू लागते. जयंती नाल्यात येणारे सांडपाणी एरवी उपसून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवले जाते; नाल्यालाच नदीची फुगी आली की तो उपसाही थांबतो. मागे सरकणारे पाणी घरातील सर्वांत खालच्या तोंडातून वर येते, आणि ते तोंड बहुधा तळमजल्यावरील न्हाणीची जाळी हेच असते, कारण संडासाचे भांडे तिच्यापेक्षा थोडे उंच बसवलेले असते. म्हणून पूर प्रथम दारातून येत नाही, न्हाणीतून येतो.

नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळीच ठेवली पाहिजे. शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडी येथील उपसा केंद्रे पाण्यात गेल्यामुळे दोन्ही पुरांत शहराचे नळ कोरडे पडले. पुढे २०२३ च्या अखेरीस काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीचे पाणी शहरात आले, त्यामुळे पाणी येण्याचा प्रश्न काही अंशी सुटेल. पाणी जाण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि नळाला पाणी असताना निकास बंद असणे ही स्थिती अधिक धोक्याची आहे, कारण टाकी भरलेली पाहून लोक निर्धास्तपणे पाणी ओतत राहतात.

खूण पहिली : भांड्यातून गुडगुड आवाज येतो, पाणी सावकाश उतरते

हा आवाज म्हणजे चेंबरमध्ये चढणाऱ्या पाण्याने पाइपातील हवा मागे रेटल्याची खूण आहे. एकाच घरातील भांडे सावकाश उतरत असेल तर तुंबण्याची शक्यता धरावी. परंतु पावसाळ्यात, नदी चढत असताना, तळमजल्यावरील दोन-तीन घरांत एकाच दिवशी हा आवाज येऊ लागला तर तुंबणे नव्हे, उलटणे समजावे. खात्री करण्यासाठी इमारतीच्या हद्दीतील शेवटच्या चेंबरचे झाकण उघडून वरूनच पाहावे. पाणी साचलेले असून स्थिर असेल किंवा रस्त्याच्या बाजूने आत येत असेल तर बांबू, सळई, ॲसिड यांपैकी काहीही वापरू नये. उतारच नाही, तर मोकळे करण्यासारखे काही उरलेले नसते. उलट सळईने ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा पाण्याचा वाक, फुटला तर पूर ओसरल्यावरही घरात दुर्गंधी राहते.

त्या क्षणी करण्याची एकच गोष्ट आहे आणि ती सर्वांनी मिळून करायची आहे : इमारतीतील प्रत्येक मजल्याने संडास, बेसिन, मोरी आणि कपडे धुण्याचे यंत्र यांतून पाणी सोडणे थांबवावे. तिसऱ्या मजल्यावर सोडलेली एक बादली तळमजल्यावर एक बादली होऊनच वर येते. आम्ही २०२१ मध्ये जिन्यात मोठ्या अक्षरांत कागद लावला, शिवाय प्रत्येक दारी जाऊन सांगितले, कारण कागद वाचलाच जाईल असे धरून चालता येत नाही. सांगायला तळमजल्यावरच्या माणसाला पाठवू नये. त्यांना ते मागणे मागितल्यासारखे वाटते. वरच्या मजल्यावरच्यांनीच पुढे व्हावे.

खूण दुसरी : न्हाणीतून काळे पाणी वर येऊ लागले आहे

येथे बोळा कोंबून भागत नाही, वजन लागते. चार इंची पाइपाच्या तोंडावर एक फूट उंचीच्या पाण्याचा दाब साधारण अडीच किलो वजनाइतका असतो, आणि चार फुटांचा दहा किलोंइतका. म्हणून जुन्या चादरीचा घट्ट बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जाळी काढलेल्या तोंडात बसवावा, त्यावर फळीचा तुकडा ठेवावा आणि फळीवर पाटा, वरवंटा, विटा किंवा वाळूचे पोते, जे हाताशी असेल ते, पंधरा किलोंपर्यंत रचावे. संडासाच्या भांड्यात दुहेरी पिशवीत भरलेली ओली वाळू किंवा माती बसवावी; पिशवी सैल भरावी म्हणजे ती भांड्याच्या आकारात नीट दबते. वाळूची पोती ऐनवेळी मिळत नाहीत. ती मे महिन्यात भरून जिन्याखाली ठेवावीत.

तळमजल्याची तोंडे बंद केली आणि वरचे मजले पाणी सोडत राहिले, तर उभा पाइप भरत जातो आणि पहिल्या मजल्याची न्हाणी उलटते. आमच्या शेजारच्या इमारतीत असेच झाले. तोंडे बंद करणे आणि वापर थांबवणे या दोन गोष्टी एकत्रच केल्या पाहिजेत.

कायमचा उपाय म्हणून इमारतीच्या शेवटच्या चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवता येते, आणि सखल भागातील प्रत्येक इमारतीने ती बसवावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्याबद्दल दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की झडप बसवली म्हणजे पुरातही संडास वापरता येतो. वस्तुतः झडप मिटल्यावर बाहेरचे पाणी आत येत नाही, पण आपले पाणीही बाहेर जात नाही. दुसरा असा की ती बसवली की झाले; केस, चिंध्या आणि चिकट थर अडकून तिचे झाकण अर्धवट उघडे राहते, त्यामुळे दर मे महिन्यात ती उघडून साफ करावी लागते. आणखी एक गोष्ट प्लंबरही सांगत नाहीत. अनेक जुन्या इमारतींत गच्चीच्या पावसाचा पाइप ड्रेनेजच्याच चेंबरमध्ये सोडलेला असतो. झडप मिटली आणि पाऊस चालू राहिला, तर गच्चीवरचे सगळे पाणी तळमजल्याच्या संडासातून वर येते. तो पाइप आधी वेगळा करून अंगणात किंवा गटारात सोडावा, मगच झडप बसवावी.

मग जायचे कोठे : दोन बादल्यांची व्यवस्था

निकास बंद झाल्यावर उरणारा मार्ग म्हणजे मल आणि मूत्र वेगवेगळे साठवणे. दोन्ही एकत्र झाली की दुर्गंधी कित्येक पटींनी वाढते आणि बादलीही लवकर भरते. वेगळी ठेवली तर एका खोलीत पाच माणसे आठवडाभर सहन करू शकतील इतपत स्थिती राहते. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च शहराच्या मलवाहिन्या तुटल्या, तेव्हा तेथील हजारो घरांना रासायनिक शौचालये वापरावी लागली आणि कित्येकांनी परसात खड्डे खणले. आपल्याकडे पुरात परसच पाण्याखाली असते, म्हणून साठवण हाच उपाय राहतो.

पाच माणसांच्या घराचा हिशेब असा बसतो. एका माणसाचे मूत्र दिवसाला एक ते दीड लिटर धरावे, म्हणजे घराचे रोज सहा लिटर आणि आठवड्याचे बेचाळीस लिटर झाले. खाद्यतेलाचे पंधरा किलोंचे रिकामे, झाकण घट्ट बसणारे तीन कॅन त्यासाठी पुरतात. मलावर प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर कोरडे द्रव्य टाकायचे असते, त्यामुळे माणशी रोज एक लिटरपर्यंत जागा लागते. रंगाची वीस लिटरची झाकणाची बादली तीन चतुर्थांशांहून जास्त भरू नये, या मापाने ती तीन दिवस चालते. आठवड्याला अशा तीन बादल्या लागतात. कोरडे द्रव्य आठवड्याला अठरा लिटरच्या आसपास लागते, म्हणून घरामागे एक पोते ठेवले तर ते पुरून उरते.

कोरडे द्रव्य कोणते, यावर सगळे अवलंबून आहे. आमच्याकडे अजूनही काही घरांत पाणी तापवायला तांब्याचा बंब आहे. त्याची चाळलेली राख सर्वांत उत्तम, कारण ती ओल शोषते आणि दुर्गंधीही दाबते. ती नसेल तर वखारीतील लाकडाचा भुसा किंवा भाताच्या गिरणीतील तूस चालते. गुऱ्हाळाचा भुगाही चांगला, पण गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा तो आधीच्या हंगामातला राखून ठेवावा लागतो. जूननंतर वखारीतला भुसा ओलसर असतो आणि ओला भुसा काही कामाचा नाही. मे महिन्यात एक पोते उन्हात वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकावे.

बादलीच्या तळाशी चार बोटे भुसा, त्याआधी जुन्या वर्तमानपत्रांचे दोन-तीन थर. प्लॅस्टिकची पिशवी आत घातली तर उचलायला सोयीचे होते हे खरे, पण पुढे मल खड्ड्यात पुरताना ती वेगळी काढावी लागते आणि ते काम कोणावरही येऊ नये असे मला वाटते. ज्यांच्याकडे कमोड आहे आणि जे वरच्या मजल्यावर आहेत, त्यांनी भांड्यातील पाणी मगाने काढून आत दुहेरी पिशवी लावली तरी एक-दोन दिवस निभते. तळमजल्यावर मात्र हे करू नये, कारण खालून येणारे पाणी पिशवी उचलून फेकते.

अडचण : बादली ओली होते, दुर्गंधी येते

बादलीच्या व्यवस्थेबद्दल बाहेरदेशी लिहिल्या गेलेल्या सूचनांत कागद गृहीत धरलेला असतो. आपण पाण्याने धुतो. एका वेळेला अर्धा लिटर पाणी धरले तर पाच माणसांचे रोज अडीच लिटर पाणी बादलीत जाते, आणि मग राख काय, भुसा काय, सगळ्याचा चिखल होतो. आमची २०२१ मधील पहिल्या दिवसाची बादली अशीच वाया गेली. त्यावर तोडगा असा निघाला की धुण्यासाठी तिसरे भांडे ठेवायचे : एक पसरट टब किंवा घमेले, त्यावर बसून पाण्याच्या बाटलीने धुवायचे. बाटलीच्या झाकणाला चार बारीक भोके पाडली की पाव लिटर पाण्यात काम होते. टबातील पाणी लगेच वेगळ्या कॅनमध्ये ओतून झाकण लावावे. या पाण्यात मल असतो, म्हणून ते मूत्राच्या कॅनमध्ये मिसळू नये आणि खिडकीतून पुराच्या पाण्यातही टाकू नये. त्याच पाण्यातून कोणीतरी चालत जाणार असते.

तरीही वास येत असेल तर बहुतेक वेळा कारण पुढीलपैकी एक निघते. बादलीत मूत्र जात आहे, विशेषतः लहान मुलांकडून. त्यांना आधी लघवीला बसवून मग बादलीवर बसवावे. किंवा भुसा पुरेसा पडत नाही. मल दिसेनासा होईपर्यंत टाकला पाहिजे, चिमूटभर नव्हे. तिखट, डोळ्यांना झोंबणारा वास येत असेल तर कोणीतरी मूत्राच्या कॅनमध्ये राख किंवा चुना टाकलेला असतो, त्याने अमोनिया मोकळा होतो. मूत्रात काहीही टाकू नये, फक्त झाकण घट्ट ठेवावे. बादलीत अळ्या झाल्या तर माश्या आत शिरल्या आहेत. विझवलेल्या चुन्याची भुकटी मूठभर वरून पसरावी, हात आणि डोळे जपून, आणि झाकणाखाली जुन्या कापडाची घडी दाबून फट बंद करावी.

येथे एक गोष्ट अतिशय गांभीर्याने सांगायची आहे. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मलमूत्राच्या बादलीत किंवा मूत्राच्या कॅनमध्ये टाकू नये. मूत्रातील अमोनियाशी तिचा संयोग होऊन विषारी वायू सुटतो, आणि संडास धुण्याच्या ॲसिडशी झाला तर क्लोरीन वायू सुटतो. पुरात खिडक्या बंद, हवा कोंदट, खोली लहान अशी स्थिती असते. अशा ठिकाणी दोन्हीपैकी कोणताही वायू जीवघेणा ठरू शकतो. फिनाइलही तिच्यात मिसळू नये. चुना आणि राख बादलीसाठी, टीसीएल फरशी आणि भांड्यांसाठी, असा भेद घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावा.

टीसीएलचे माप मी वहीत लिहून दाराला चिकटवले होते. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. मल किंवा उलटी सांडलेली फरशी पुसून घेतल्यावर तिच्यावर १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर कालवून ते द्रावण ओतावे, दहा मिनिटे राहू द्यावे आणि मग धुवावे. पावडर उघडी राहिली की तिची ताकद जाते, पावसाळी हवेत तर फारच लवकर. गेल्या वर्षीची फोडलेली पिशवी वापरणे म्हणजे न वापरण्यासारखेच आहे.

अडचण : घरातील माणसे पाणी कमी पिऊ लागली आहेत

सर्वांत महत्त्वाची अडचण हीच आहे, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. बादलीवर बसायचे म्हणून म्हातारी माणसे जेवण अर्धे करतात, चहा सोडतात आणि रात्री पाणी घेत नाहीत. पाळी आलेल्या मुली तर दिवसभर थोपवून धरतात. त्यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना येणारी चक्कर, असे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या दिवशी उभे राहतात, नेमके तेव्हा जेव्हा डॉक्टरांपर्यंत पोहोचणे अवघड असते. मूत्राचा रंग गडद पिवळा झाला की माणूस कमी पाणी पीत आहे असे समजावे. त्यांना नुसते 'पाणी प्या' म्हणून उपयोग नाही. जाण्याची जागा सोयीची केली की ती आपोआप पाणी पितात.

सोय म्हणजे तीन गोष्टी : आडोसा, आधार आणि उजेड. खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधून जाड चादर सोडावी, आणि तो कोपरा शक्यतो घरातील बायकांनी निवडावा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध कापून, कडा कापडाने गुंडाळून, खाली बादली ठेवावी. खुर्चीचे हात धरून उठता येते. वीज नसते, तेव्हा विजेरी दोरीला कायम टांगलेली असावी, कोणाकडे मागावी लागू नये. आम्ही २०२१ मध्ये काकूंसाठी अशी खुर्ची केली आणि त्यांच्यासाठी वेगळी बादली ठेवली. त्या वेळी त्यांनी रोज दोन तांबे पाणी प्यायल्याचे मला पक्के आठवते, कारण मी मोजत होतो.

सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर बादलीत टाकू नयेत, आणि निकास सुरू झाल्यावर संडासात तर मुळीच नाही. ते वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि पिशवीवर लाल ठिपका काढावा. पुण्यात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक महिलांनी या खुणेचा आग्रह धरला तो याचसाठी की कचरा हाताळणाऱ्या बाईला न उघडता आत काय आहे ते कळावे. तान्ह्या बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. तीही बादलीतच जावी.

हात धुणे आणि जुलाब

हात धुण्यासाठी तोटीचा डबा आडोशाच्या बाहेरच ठेवावा, साबण दोरीला बांधून. पिण्याचे पाणी वेगळ्या जागी, शक्य तर वेगळ्या खोलीत. पाण्याला चांगली उकळी फुटल्यावर एक मिनिट ती राहू द्यावी. गॅस संपत आला असेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरील मापाने टाकून अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी सुती कापडातून गाळावे, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

कोणाला जुलाब सुरू झाले तर त्याची बादली त्याच क्षणी वेगळी करावी, तिच्यात प्रत्येक वेळी चुना टाकावा आणि ती एकाच माणसाने हाताळावी; त्या माणसाने स्वयंपाक करू नये. क्षारसंजीवनीचे (ओआरएस) पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, इतके पुरते. पायाला जखम असलेल्या माणसाने पुराच्या पाण्यात उतरू नये. उतरावेच लागले आणि पुढच्या काही दिवसांत ताप व अंगदुखी झाली, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात चालल्याचे आठवणीने सांगावे, म्हणजे ते लेप्टोस्पायरोसिसचा विचार करतील.

पाणी उतरल्यावर : घाई नको

रस्ता दिसू लागला म्हणजे मलवाहिनी मोकळी झाली असे नाही. तिच्यात गाळ बसलेला असतो. आधी शेवटचे चेंबर उघडून पाणी उतरत आहे का ते पाहावे. मग तळमजल्याची वजने काढून तेथे एक बादली पाणी सोडावे आणि दहा मिनिटे थांबावे. ते चेंबरमधून पुढे गेलेले दिसले तरच पहिला मजला, नंतर दुसरा, असे खालून वर जावे. आम्ही हे एका दुपारी केले. वरच्यांना थांबणे जड गेले, पण ते थांबले.

ज्यांच्याकडे सेप्टिक टाकी आहे त्यांनी आणखी थांबावे. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी उपसली तर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने हलकी टाकी वर उचलली जाते, भिंत तडकते, पाइप निखळतात. जमीन ओसरल्यावर यंत्राच्या टँकरनेच ती उपसून घ्यावी. टाकीत किंवा मॅनहोलमध्ये सफाईसाठी संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड एका श्वासात माणसाला बेशुद्ध पाडू शकतो. झाकणातून डोके आत घालून पाहण्याचेही धाडस करू नये, काडी पेटवून तर नाहीच.

जमिनीखालच्या हौदात पुराचे पाणी शिरले असेल तर पंप लावण्याआधी त्याचे बटणच चिकटपट्टीने बंद करावे. वीज आल्या आल्या सवयीने कोणीतरी पंप सुरू करते आणि गच्चीवरची स्वच्छ टाकीही बिघडते. हौद उपसून, गाळ काढून, घासून, पुन्हा भरावा, दर १००० लिटरला १५० ग्रॅम टीसीएल टाकून रात्रभर ठेवावा आणि ते पाणी पिण्यासाठी न वापरता सोडून द्यावे. मगच नवे पाणी भरावे.

साठवलेले मूत्र आणि धुण्याचे पाणी आता संडासात ओतता येते, थोडे थोडे, मागून पाणी टाकत. भुसा मिसळलेला मल मात्र संडासात टाकू नये, वाहिनी पुन्हा तुंबते. ज्यांचे शेत पूररेषेच्या वर आहे त्यांनी विहिरीपासून किमान ३० मीटर अंतरावर तीन फूट खड्डा करून तो पुरावा आणि वर दीड फूट माती घालावी. ज्यांना जागाच नाही त्यांनी मे महिन्यातच प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांना भेटून हा मल कोठे द्यायचा हे ठरवून घ्यावे. रोजच्या कचऱ्यात लपवून तो घंटागाडीवर टाकणे हा गाडीवरच्या माणसावर अन्याय आहे. आमच्या इमारतीतील आठही घरांच्या बादल्या पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या शेतात गेल्या. ट्रॅक्टर आला तेव्हा आम्ही पुरुषांनी हातमोजे घालून त्या स्वतः चढवल्या.

रिकाम्या बादल्या साबणाने धुऊन, वर सांगितलेल्या मापाच्या टीसीएलच्या द्रावणाने खळखळून, कडक ऊन मिळेल त्या दिवशी वाळवाव्यात. त्यांच्यावर न पुसणाऱ्या शाईने 'पूर' असे लिहावे, म्हणजे गणपतीच्या तयारीत त्या कोणी पाणी भरायला काढणार नाही. काकूंची खुर्चीही आम्ही त्याच माळ्यावर ठेवली आहे, भुशाच्या पोत्याशेजारी, आणि दर मे महिन्यात पोते बदलताना तिचे पाय डुगडुगत नाहीत ना हे काकू स्वतः बसून पाहतात.